आमटी चावते

"ताई, हे पित्त नाही. तुमच्या मुलीला ॲनाफिलॅक्सिस झाला होता."

बीडच्या लहान मुलांच्या दवाखान्यात ऑक्सिजनचा मास्क लावलेल्या माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या पायाशी मी उभी होते, तेव्हा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला तो नीट कळलाही नाही. डॉक्टरांनी तो पुन्हा सावकाश उच्चारला आणि मग सोपा करून सांगितला. खाल्लेल्या एखाद्या पदार्थाला शरीर शत्रू समजतं आणि सगळीकडून एकदम हल्ला चढवतं. अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास अडकतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हे सगळं काही मिनिटांत होतं.

"वेळेवर इंजेक्शन मिळालं नसतं तर..." एवढं बोलून ते थांबले आणि मॉनिटरकडे बघायला लागले.

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्यानंतर कित्येक महिने मी ते रोज मनातल्या मनात पुरं करत होते.

मी अंगणवाडी सेविका आहे. चौसाळ्याजवळच्या एका गावात तेरा वर्षं मी दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं करते आणि काय खाऊ घालायचं ते त्यांच्या आयांना सांगते. तिळात लोह असतं, कॅल्शियम असतं, शेंगदाण्यात प्रथिनं असतात, गुळात लाडू वळून द्या, हे मी किती जणींना सांगितलं असेल त्याला गणती नाही. माझी कार्तिकी अंगानं किरकोळ. म्हणून त्या रविवारी मी तेच लाडू केले, तीळ आणि शेंगदाण्याचे. तिनं तोंड फिरवलं. "नको," म्हणाली. मी तिला मांडीवर घेतलं आणि एक घास चिऊचा, एक घास काऊचा करत अर्धा लाडू तिच्या पोटात घातला.

हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या अर्ध्या लाडवातून निघालं.

दहा मिनिटांत ती ओठ खाजवायला लागली. मग गालावर, मानेवर, पोटावर लाल गांधी उठल्या. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, म्हणाल्या, "पित्त उठलं गं. घोंगडीत गुंडाळ." आमच्याकडं पित्तावर हाच उपाय. मी गुंडाळलं. तेवढ्यात ती खोकली. तो सर्दीचा खोकला नव्हता, घशात काहीतरी अडकल्यासारखा होता. "मम्मी" म्हणाली तर आवाज तिचा नव्हता, घोगरा, दुसऱ्याच कुणाचा तरी होता. मग उलटी झाली आणि माझ्या हातात ती एकदम सैल पडली. झोपलेलं लेकरू सैल पडतं तसं नाही. त्याच्याहून वेगळं. आईच्या हाताला ते कळतं.

माझ्या मालकांचं, कार्तिकीच्या पप्पांचं, हायवेवर मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्यांना फोन केला तेव्हा मी काय बोलले ते मला आठवत नाही. शेजाऱ्याची गाडी घेऊन ते आले. चौसाळ्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडं आम्ही घुसलो. बाकावर दोन पेशंट बसले होते, त्यांना उठवून डॉक्टरांनी कार्तिकीला आडवं केलं, तिचे पाय उशीवर ठेवले आणि काही न विचारता मांडीत इंजेक्शन दिलं.

"ॲड्रिनलिन दिलंय. बीडला न्या, आत्ताच्या आत्ता. वाटेत उचलून बसवू नका, आडवीच ठेवा."

बीडपर्यंतचा रस्ता मी मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या छातीकडं बघत काढला. खाली जाते, वर येते. खाली जाते, वर येते. मांजरसुंब्याच्या घाटाच्या अलीकडं ती रडायला लागली. मालकांनी न वळता विचारलं, "रडती का?" मी म्हणाले, "रडती." ते म्हणाले, "रडू दी. लई रडू दी."

दवाखान्यात दुसरा दिवस पहिल्यापेक्षा वाईट गेला. पहिल्या दिवशी काय चाललंय ते कळत नव्हतं, दुसऱ्या दिवशी कळलं होतं. डॉक्टर म्हणाले होते की ही लाट काही तासांनी पुन्हा येऊ शकते, म्हणून ठेवून घ्यायचं. तिनं शिंक दिली तरी मी सिस्टरला हाक मारायचे. एकदा तिच्या गालावर उशीच्या शिवणीचा वळ उठला होता, तर मी ओरडले. सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्यामागं स्टूल सरकवलं आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही काल सकाळपासून उभ्याच आहात."

मग डॉक्टरांचे प्रश्न सुरू झाले. काय खाल्लं? किती? किती वेळानं त्रास सुरू झाला? याआधी कधी असं झालं होतं का?

मी नाही म्हणाले. मालक माझ्याकडं बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "आमटीचं सांग की."

कार्तिकी दोन-अडीच वर्षांची असल्यापासून जेवताना म्हणायची, "आमटी चावते." ओठ पुसायची, जीभ दाताखाली घासायची, पोट दुखतंय म्हणून ताट सरकवायची. आम्हाला वाटायचं, तिखट लागत असेल. मग वाटायला लागलं, नखरे करते. मी तिला दटावायचे. अंगणवाडीतली वीस-वीस लेकरं मी जेवायला बसवते, माझीच मुलगी ताट सरकवते याची मला लाज वाटायची.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. म्हणाले, "ती चावते म्हणत होती ते खरंच होतं. तोंडात खाज येत असणार. लहान मुलाजवळ त्याला दुसरा शब्द नसतो."

लाडवात तीळही होते आणि शेंगदाणेही. दोष कुणाचा ते तिथं कळणार नव्हतं. दोन्ही बंद करा आणि दीड-दोन महिन्यांत संभाजीनगरला ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवा, असं सांगून चिठ्ठी देऊन आम्हाला घरी सोडलं.

ज्यांच्या घरी हे होईल त्यांच्यासाठी इथं आमची चूक सांगते. आम्ही थांबलो नाही. माझा भाऊ पुण्याला कंपनीत आहे. तो म्हणाला, एका बाटली रक्तात पन्नास-साठ पदार्थांची ॲलर्जी कळते, कशाला वाट बघता? आम्ही डॉक्टरांना न विचारता रक्त दिलं. आठवड्यानं मोबाइलवर रिपोर्ट आला. तीळ, शेंगदाणा, गहू, दूध, हरभरा, तूर, सोयाबीन, अंडं. प्रत्येकासमोर लाल अक्षरात पॉझिटिव्ह.

मी तो कागद छापून आणून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. त्या दिवसापासून कार्तिकीची चपाती बंद झाली. दूध बंद, वरण बंद, बिस्किट बंद. भात, ज्वारीची भाकरी, बटाटा, केळी. एवढंच.

शेंगदाण्याशिवाय आमच्याकडं चूल पेटत नाही. कूट भाजीत, चटणी भाकरीवर, शेंगा खिशात. मी घरातून दाणा न् दाणा काढला. फरशी दोनदा पुसायचे. आल्या-गेल्या बाईला दारातच हात धुवायला लावायचे. अंगणवाडीत जायची ती कार्तिकी घरात बसली. एका शेजारणीनं तिच्या हातावर फुटाणे ठेवले, तर मी त्या बाईच्या अंगावर धावून गेले. ती रडत परत गेली. ती माझी मैत्रीण होती.

आत्या एकदा म्हणाल्या, "आगं, आमी तीळ खाऊन म्हातारे झालो. तिळानं कुनाला कायी झाल्यालं आईकलं न्हाई. नजर लागलीय पोरीला. दुध कावून तोडलं तिचं?"

मी म्हणाले, "कागदात हाय."

"कागदानं पोट भरतं का?"

मी चिडले. त्या दिवशी त्यांच्याशी बोललेच नाही.

दीड महिन्यानं अंगणवाडीत वजनाचा दिवस होता. सगळ्यांची झाल्यावर मी कार्तिकीला काट्यावर उभं केलं. मग तिच्या वाढीच्या तक्त्यावर ठिपका द्यायला पेन उचललं. तो ठिपका हिरव्या पट्ट्यात बसेना. पिवळ्यात, कमी वजनाच्या पट्ट्यात गेला. दुसऱ्याचं लेकरू पिवळ्यात गेलं की मी त्याच्या घरी जाते, आईला समजावते. आता कुणाच्या घरी जायचं होतं? मदतनीस बाई माझ्याकडं बघत होती. मी तक्ता मिटून ठेवला.

त्याच दिवशी घरी मी तिला केळं सोलून दिलं. तिनं ते हातात फिरवून फिरवून बघितलं आणि विचारलं, "मम्मी, हे खाल्लं तर मी मरीन का?"

चार वर्षांचं लेकरू. हा शब्द तिला कुणी शिकवला असेल ते मला कळत होतं. मी फोनवर भावाशी बोलताना ती जवळच खेळत असायची.

संभाजीनगरच्या डॉक्टर बाई पन्नाशीच्या होत्या. बोलणं कमी, ऐकणं जास्त. वेटिंग रूममध्ये आमच्याआधी सात-आठ जण होते आणि मी समोरच्या एका मुलाच्या हातातल्या पुड्याकडं बघत त्याच्यापासून दूर दूर सरकत होते. आत गेल्यावर मी छापलेला रिपोर्ट पुढं केला. त्यांनी तो वाचला, उलटा ठेवला आणि कार्तिकीच्या दंडाला मेजपट्टी लावली.

"लाडू खाण्याच्या आधी ही दूध प्यायची?"

"रोज प्यायची."

"काही व्हायचं?"

"नाही."

"चपाती? वरण? अंडं?"

"सगळं खायची. काही होत नव्हतं."

"मग बंद का केलं?"

मी रिपोर्टकडं बोट दाखवलं.

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाल्या, "या तपासणीला स्पेसिफिक आयजीई म्हणतात. एखाद्या पदार्थाला शरीर ओळखतं का, एवढंच ती सांगते. त्याला सेन्सिटायझेशन म्हणतात. गावात परका माणूस आला की चार लोक त्याला ओळखून ठेवतात. म्हणून काही ते लगेच काठ्या घेऊन त्याच्यामागं लागत नाहीत. ॲलर्जी म्हणजे काठ्या घेऊन धावणं. नुसती ओळख म्हणजे ॲलर्जी नाही. जे खाऊन हिला कधीच काही झालं नाही, ते कागद बघून बंद करायचं नसतं."

मालकांनी विचारलं, "म्हणजे आमी पोरीला उगीच उपाशी ठेवलं?"

"तुम्ही घाबरलात," त्या म्हणाल्या. "घाबरलेली माणसं असंच करतात. दूध, चपाती, वरण आज घरी गेल्यावर सुरू करा."

मग त्यांनी आमटीचं विचारलं. आमटीत काय काय घालता? मी सांगायला लागले. तूर डाळ, चिंच, गूळ, काळा मसाला. मसाला विकतचा? नाही, घरचा, मीच करते. त्यात काय घालता? मी बोटं मोजत सांगत गेले. धने, मिरची, खोबरं, दगडफूल, लवंग, खसखस आणि...

तीळ. दरवर्षी उन्हाळ्यात मी स्वतःच्या हातानं तीळ भाजून त्या मसाल्यात घालते. लाडवानंतर मी तिळाचा डबा घराबाहेर काढला होता, मसाल्याचा डबा मात्र फळीवरच होता. आमटी बंद केली होती ती तूर डाळीसाठी. पण बटाट्याच्या भाजीत तोच मसाला चिमूट-चिमूट पडत होता आणि ती भाजी खाताना ती अजूनही ओठ पुसायची. शेंगदाण्याचा दाणा शोधत फरशी पुसणारी मी, तीळ रोज माझ्याच हातानं तिच्या ताटात वाढत होते.

डॉक्टर बाईंनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढं केला.

त्यांनी पुढची तारीख दिली. तोवर मसाला पूर्ण बंद आणि तपासणीच्या आधी आठवडाभर बीडच्या डॉक्टरांनी दिलेलं ॲलर्जीचं औषध द्यायचं नाही, कारण त्या औषधानं तपासणी खोटी येते. तो आठवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. बिनऔषधाची पोरगी म्हणजे मला बिनकठड्याची विहीर वाटत होती.

त्या तपासणीला स्किन प्रिक टेस्ट म्हणतात. हाताच्या आतल्या बाजूला पेनानं खुणा करतात, प्रत्येक खुणेवर एका पदार्थाचा थेंब ठेवतात आणि बारीक टोकानं कातडीवर हलकंसं टोचतात. रक्त येत नाही. कार्तिकी पहिल्या टोच्याला रडली, नंतर थेंब मोजायला लागली. पंधरा मिनिटं खाजवू द्यायचं नाही. मी तिचं मनगट धरून बसले. काही थेंब तसेच राहिले. शेंगदाण्याजवळ डास चावल्याएवढी बारीक फुगी आली. तिळाच्या थेंबाखाली पांढरी गांधी उठली आणि बघता बघता रुंद होत गेली. एका थेंबातलं ते तिच्या कातडीवर पसरताना मी बघत होते आणि अर्धा लाडू तिच्या घशात कसा पसरला असेल ते मला दिसत होतं.

"तीळ नक्की," डॉक्टर बाई पट्टीनं मोजून म्हणाल्या. "झालेला त्रास आणि ही तपासणी, दोन्ही जुळतात. शेंगदाण्याचं सांगता येत नाही. फुगी लहान आहे. त्यासाठी ओरल फूड चॅलेंज करावं लागेल."

म्हणजे ज्या पदार्थाचा संशय आहे तो दवाखान्यात, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर, थोडा थोडा वाढवत खाऊ घालायचा. सगळ्यात खात्रीची तपासणी हीच. ती घरी कधीच करायची नसते, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

मी सरळ नाही म्हणाले. दूध-चपाती पहिल्या भेटीपासूनच सुरू केली होती, कार्तिकीच्या गालावर पुन्हा जरा मांस आलं, पण शेंगदाण्याच्या तपासणीची तारीख काही मी घेतली नाही. महिनाभर मी चालढकल केली. शेवटी मालक म्हणाले, "आपल्या गावात ही पोरगी आयुष्यभर शेंगदाण्याच्या भीतीनं कुटं जाईल? शाळेत जाईल का? कुनाच्या घरी जाईल का? खरं काय ते कळू दी एकदा."

त्या सकाळी आम्ही संमतीच्या कागदावर सह्या केल्या. माझे मालक मोटारीत केसासारखी तांब्याची तार भरतात, हात हलत नाही त्यांचा. त्या दिवशी त्यांची सही रेघेच्या खाली गेली.

कार्तिकीच्या हाताला सलाइनची सुई लावून ठेवली, गरज पडली तर वेळ जाऊ नये म्हणून. ट्रेमध्ये इंजेक्शन भरून तयार होतं. मी सारखी त्या ट्रेकडं बघत होते. सिस्टरनं कुस्करलेल्या केळ्यात मोहरीएवढं शेंगदाण्याचं वाटण कालवलं आणि चमचा माझ्या हातात दिला.

"मी नाही," मी म्हणाले. "तुम्ही द्या."

"तुमच्या हातचं ती खाईल," डॉक्टर बाई म्हणाल्या.

मी चमचा तिच्या तोंडाशी नेला. तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात केळ्याच्या दिवसाचा तोच प्रश्न होता. मी म्हणाले, "डॉक्टर मॅडम हायेत, सिस्टर हायेत, पप्पा हायेत. कायी होणार न्हाई." मला स्वतःला ते खरं वाटत नव्हतं. तिला वाटलं. तिनं तोंड उघडलं.

वीस मिनिटं थांबायचं. नाडी, रक्तदाब, छाती, अंग तपासायचं. मग आधीच्यापेक्षा जास्त. पुन्हा वीस मिनिटं. दुसरा चमचा. तिसरा. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मला हलताना दिसत नव्हता.

चौथ्या चमच्यानंतर तिच्या हनुवटीवर लाल चट्टा उठला.

माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. सिस्टर धावल्या. डॉक्टर बाईंनी टॉर्च लावून घसा बघितला, छातीला नळी लावली, पोट दाबलं. मी त्यांचा हात धरला. "मॅडम, बास करा. शेंगदाण्यावाचून आमचं कायी अडत नाही. आमी तसंच जगू."

त्यांनी माझा हात सोडवला नाही. म्हणाल्या, "थांबवायचं तर थांबवू, तो तुमचा हक्क आहे. पण आधी बघू या. केळं लागलं होतं ते तिनं टॉवेलनं घासून पुसलं, मी बघितलं. अर्धा तास थांबू. पसरलं तर तुमच्या आधी मी थांबवीन."

त्यांनी कार्तिकीला विचारलं, "घसा चावतो का गं?"

"न्हाई," ती म्हणाली. "टीव्ही लावा ना."

चट्टा पसरला नाही. अर्ध्या तासात तो फिका पडला, मग गेला. डॉक्टर बाई माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. मी मालकांकडं बघितलं. ते भिंतीला टेकून उभे होते, कपाळावर घाम. म्हणाले, "घाल."

मी पाचवा चमचा दिला. मग सहावा. शेवटी मूठभर शेंगदाण्यांएवढं तिच्या पोटात गेलं. त्यानंतर दोन तास तिथंच थांबायचं होतं. त्या दोन तासांत ती झोपून उठली, सिस्टरच्या पेनानं चादरीवर मांजर काढलं आणि भूक लागली म्हणाली.

"शेंगदाणा मोकळा," डॉक्टर बाई म्हणाल्या. "तो आता आठवड्यातून दोन-तीनदा द्यायचाच, पुन्हा सोडायचा नाही. तीळ मात्र पूर्ण बंद. काही मुलांची ॲलर्जी मोठेपणी जाते, काहींची जात नाही. हिची जाईल असं वचन मी देणार नाही. वर्षा-दीड वर्षानं पुन्हा बघू."

मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि पदरात तोंड घालून रडले. मालकांनी माझ्या शेजारी बसून खिशातून रुमाल काढला, पण तो त्यांनी स्वतःच वापरला.

घरी सोडण्याआधी डॉक्टर बाईंनी आम्हा दोघांना इंजेक्शन द्यायला शिकवलं. आपोआप टोचणारं पेन आपल्याकडं सहज मिळत नाही, म्हणून औषधाची कुपी, सिरिंज आणि तिच्या वजनाप्रमाणं किती भरायचं त्याची ठळक खूण. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही चालतं. आम्ही मोसंबीवर सराव केला. आठ-दहा मोसंब्या टोचल्यावर माझा हात स्थिर झाला. "शंका आली तरी द्या," त्या म्हणाल्या. "उशिरा दिल्याचा पश्चात्ताप होतो. लवकर दिल्याचा होत नाही. आणि दिल्यावर दवाखान्यात यायचंच."

त्या लाडवाला आता दीड वर्ष होत आलं. इंजेक्शन अजून द्यावं लागलं नाही. कुपीची मुदत संपायच्या आत ती बदलायची, हे मालकांनी दुकानातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवलं आहे. नवा मसाला आत्यांनी केला. गावातल्या डंकावर सगळ्यांचे मसाले कुटतात, त्यात तीळ असतातच. म्हणून त्यांनी आमचा मसाला घरीच खलबत्त्यात कुटला, दोन दिवस, दुखऱ्या खांद्यानं. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "सर बाजूला. तुझ्या हाताला तीळ असतील." त्या थट्टा करत होत्या की खरंच म्हणत होत्या, मला अजून ठरवता आलं नाही. आता कार्तिकी आमटी मागून घेते. ज्या शेजारणीवर मी धावून गेले होते तिच्या घरी जाऊन मी माफी मागितली. तिनं चहा केला, आणि चहात काय काय आहे ते न विचारताच सांगितलं.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. ती तिथंच आहे. पण आधी ती सगळ्या घरात, सगळ्या ताटात पसरली होती, आता तिला एक नाव आहे आणि एक जागा आहे. ज्यांना हे वाचून आपलं लेकरू आठवलं असेल त्यांना एवढंच सांगते. ज्या पदार्थानं त्रास झाला तो, किती खाल्ला आणि किती वेळानं काय झालं ते लिहून ठेवा. त्या चिठ्ठीवरून डॉक्टरांना जे कळतं ते नुसत्या कागदी रिपोर्टवरून कळत नाही. रिपोर्ट बघून लेकराचं ताट रिकामं करू नका. आणि लेकरू ताट सरकवत असेल तर दटावायच्या आधी का ते विचारा. मी माझ्या अंगणवाडीत आता तसंच करते. बहुतेक वेळा नखरेच निघतात. निघू देत.

गेल्या महिन्यात मालकांच्या मामेबहिणीचा साखरपुडा युसूफ वडगावला होता. कार्तिकी आता साडेपाच वर्षांची आहे. अशा ठिकाणी मी तिचा डबा घरून नेते आणि तिला माझ्याजवळ बसवते. त्या दिवशी डबा काढेपर्यंत ती जागेवर नव्हती. बघते तर बायकांच्या पंगतीशेजारी, वाढायच्या टेबलापाशी रिकामं ताट घेऊन उभी. वाढणाऱ्या माणसानं रश्श्याची पळी उचलली. मी धावणार, तेवढ्यात तिनं ताट मागं घेतलं.

"काका, यात तीळ हाय का?"

तो हसला. "तीळ? कावून गं?"

"मला चालत न्हाई," ती म्हणाली. घाबरून नाही. आपलं नाव सांगावं तसं.

त्यानं पळी खाली ठेवली, मागं जाऊन आचाऱ्याला विचारलं आणि परत आला. "हाय गं पोरी, वाटणात हाय. साधं वरण-भात वाढू का? त्यात न्हाई, इचारून आलोय."

तिनं माझ्याकडं वळून बघितलं. मी दहा पावलांवर उभी होते, पिशवीतल्या कुपीवर हात ठेवून. मी मान हलवली. तिनं ताट पुढं केलं.